उताणं पडायचे सहा तास

पेशंटला बरं वाटायला लागलं की मी त्याच्यावरची नजर काढत नाही. एकतीस वर्षं हृदयाच्या विभागात सिस्टर म्हणून काढली आणि तिथून एवढं एकच शहाणपण घरी आणलं. बाकी जे काही आणलं, म्हणजे पांढरे बूट, दोन मोडकी घड्याळं आणि निरोप समारंभातली शाल, ते कपाटात पडून आहे.

माहेर माझं उत्रोली, सासर भोर आणि नोकरी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. तिथं मला सगळे 'उत्रोलीच्या सिस्टर' म्हणायचे, कारण भोर-वेल्ह्याकडचा पेशंट आला की मी आधी गाव विचारायचे, मग भाऊबंद, आणि मग दुखतंय कुठं ते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडे एक नवीन काम सुरू झालं. छाती न उघडता हृदयाची झडप बदलायची. डॉक्टर लोक त्याला टॅवी म्हणतात. आजही भोरच्या बाजारात भाजी घेताना कोणी ना कोणी मला अडवतं आणि आवाज बारीक करून विचारतं, की बाई, मांडीतनं हृदयात जातात म्हणे, खरं का? खरं आहे. एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे मला निवांत भाजी घेता येईल.

हृदयातून रक्त जिथून अंगभर निघतं त्या तोंडाशी तीन पाकळ्यांची एक झडप असते. रक्ताला बाहेर जाऊ द्यायचं आणि मागं येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाला फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, बसवतात ना, तसंच. शेतकऱ्याला हे अर्ध्या मिनिटात कळतं, पुण्यातल्या इंजिनियर जावयाला चित्र काढून दाखवावं लागतं. वय झालं की काहींच्या या झडपेवर चुन्यासारखा थर चढतो, पाकळ्या कडक होतात आणि नीट उघडत नाहीत. मग माणसाला चढण चढताना दम लागतो, छाती भरून येते आणि एक दिवस चालता चालता तो चक्कर येऊन पडतो. असं पडणं सुरू झालं की फार दिवस हातात नसतात.

पूर्वी याला एकच इलाज होता, छाती उघडायची. जे फार म्हातारे किंवा छातीचे कमजोर असतील, त्यांना आमचे मोठे डॉक्टर हात जोडून घरी पाठवायचे. आता जांघेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत छिद्र पाडतात, तिथून एक तार वर हृदयापर्यंत नेतात आणि तारेवरून नवी झडप सरकवतात. ही झडप धातूच्या जाळीत शिवलेली असते. छत्रीसारखी मिटून नळीत बसवायची, जुन्या झडपेच्या मधोमध नेऊन उघडायची, झालं. जुनी तिथंच बाजूला चेपून राहते. भोरचे एक निवृत्त गुरुजी जुनी झडप बरणीत घालून द्या म्हणून अडून बसले होते, त्यांना ती शाळेला भेट द्यायची होती. ती आतच राहते म्हटल्यावर त्यांना आपली कोणीतरी फसवणूक केल्यासारखं वाटलं आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माझ्याकडे आधीची तयारी असायची. ही तयारी म्हणजे मुख्यतः वाद. भोंगवलीचे एक बागायतदार कमरेचा करगोटा कापू देईनात, कारण तो माणूस मेल्यावरच तोडायचा असतो. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. मग तो करगोटा वर सरकवत सरकवत छातीपर्यंत आणला आणि चिकटपट्टीनं गळ्याखाली चिकटवून टाकला. मोठ्या डॉक्टरांनी हिरवी चादर बाजूला केली आणि हा कसला नवीन पट्टा म्हणून माझ्याकडे बघितलं. मी त्यांना नंतर सांगते म्हटलं. झडप धुवायचं कामही माझंच. ती बाटलीत औषधी पाण्यात बुडवून येते आणि तीन वाडग्यांतून हलक्या हातानं खळबळून काढावी लागते. सकाळी घरी भांडी घासून यायचं आणि इथं येऊन परत धुवायला बसायचं. फरक एवढाच की इथं सहा माणसं गप्प उभी राहून बघायची.

पण खरी परीक्षा यानंतर असते. रक्तवाहिनीला टाका घेतलेला असतो, पण तो ताजा. म्हणून सहा तास उताणं पडायचं. पाय सरळ, गुडघा वाकवायचा नाही, उशीवरून मान उचलायची नाही. मान उचलली की पोट ताठतं आणि सगळा जोर जांघेवर येतो. आणि नेमकं याच वेळी पेशंटला बरं वाटायला लागतं. दोन-दोन वर्षं ज्याला जिना चढता येत नव्हता त्याची नवी झडप उघडते, तासाभरात तोंडावर रंग येतो आणि तो म्हणतो, सिस्टर, निघू का? म्हणूनच आमच्या मोठ्या डॉक्टरांचा दंडक होता, की जी सिस्टर टेबलापाशी तीच पुढचे सहा तास पेशंटजवळ. त्या सहा तासांतच माझ्या हातून एकदा चूक झाली. ती हौसाबाईंच्या वेळी.

वेल्ह्याला शाळेच्या व्हरांड्यात आम्ही महिन्यातून एकदा तपासणीचं शिबिर घ्यायचो. हौसाबाई तिथं स्वतःसाठी आल्याच नव्हत्या. शेजारणीला घेऊन आल्या होत्या, आणि एका कडेला बसून प्रत्येक पेशंटला काय झालंय ते डॉक्टरांच्या आधी सांगत होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं, अंगानं काटक, बोलणं फटकळ. जायला उठल्या आणि भिंतीला धरून खालीच बसल्या. मी छातीला नळी लावली तर आत नुसती खरखर. विचारलं, मावशी, याआधी पडला होता का? म्हणाल्या, दोनदा, पर पाटीतलं शेण सांडू दिलं न्हाई.

त्यांचा मुलगा दत्ता कापूरहोळला गॅरेजात कामाला. तो त्यांना पुण्याला घेऊन आला. तपासणीत दिसलं, की झडपेतून जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरली होती. जन्मभर चुलीपुढं बसून फुप्फुसं धुरानं खराब झालेली, त्यामुळे छाती उघडायचा प्रश्नच नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी दत्ताला स्पष्ट सांगितलं, की मांडीतून झडप घालू, पण लवकर, कारण पुढची चक्कर शेवटची असू शकते. तारीख दिली. त्या तारखेला हौसाबाई आल्याच नाहीत.

मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि आला की मी एसटीत बसते. रविवारी मी दत्ताला बरोबर घेतलं आणि थेट त्यांच्या वाडीवर गेले. वेल्ह्याकडच्या डोंगरातली घरं कशी, एकाच छपराखाली एका अंगाला माणसं आणि एका अंगाला जनावरं. ओटीवर घोंगडीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, टोपी, चौऱ्याऐंशीचं वय आणि ताठ पाठ. हे आण्णा, हौसाबाईंचे थोरले दीर. हौसाबाईंचे मालक दत्ता पाळण्यात असतानाच गेलेले. आण्णांची बायकोही पुढं वारली, पोरबाळ नव्हतं. तेव्हापासून दोघांचं जेवण एका चुलीवर होतं आणि बोलणं मात्र मुळीच नव्हतं.

भांडण वगैरे काही नाही. थोरल्या दिराचा मान. त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर, बाजेवर बसायचं नाही, आडवं तर मुळीच व्हायचं नाही, आणि थेट बोलायचं नाही. आता हे कोणी एवढं पाळत नाही. तिथल्याच वाडीत सुना सासऱ्याशेजारी बसून मालिका बघतात. पण हौसाबाई नवरी होऊन आल्या त्या दिवशी जे ठरलं ते ठरलं. घरात तिसरं माणूस असेल तर त्याच्या तोंडून निरोप. तिसरं माणूस नसेल तर म्हशीच्या. पुढं पुढं तिसरं माणूस असलं तरी म्हशीच्याच.

मी थट्टा करत नाही, मी डोळ्यांनी बघितलं. मी आण्णांपासून दोन हातांवर बसलेली, हौसाबाई दाराच्या आत. त्या म्हशीकडं तोंड करून म्हणाल्या, च्या झालाय, घ्या म्हनावं. आण्णांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हशीला सांगितलं की साखर कमी आहे. आतून साखरेचा डबा आला. म्हैस रवंथ करत एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती. तिचं हे रोजचंच असणार.

मी हौसाबाईंना फैलावर घेतलं. पुण्याला का आला नाहीत? तर म्हणाल्या, म्हैस नुकती व्यालीय आणि माझ्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही. मी म्हटलं, मावशी, तुम्हीच राहिला नाहीत तर ती कोणाला हात लावू देणार? दत्ता खाली बघत बसलेला. मग आण्णांनी घसा खाकरला. म्हशीकडं बघून म्हणाले, "धाकटीला म्हनावं, जाऊन ये. तुजं म्या बगतो." त्यावर हौसाबाईंनी पदर पुढं ओढला आणि आत जाऊन पिशवी भरायला घेतली. मला तासभर जमलं नव्हतं ते त्या म्हशीनं एका वाक्यात केलं.

झडप घालायच्या दिवशी हौसाबाई टेबलावर एकदम शांत होत्या. लुगडं काढून हॉस्पिटलचा झगा घालायला कुरकुरल्या, पण डोक्याला हिरवी टोपी घातल्यावर खूश झाल्या. डोकं झाकलेलं असलं की त्यांचं काही म्हणणं नसे. या कामात पेशंटला पूर्ण झोपवत नाहीत, तो जागा असतो. झडप उघडायच्या क्षणी काही सेकंद हृदयाला मुद्दाम इतकं जोरात पळवतात, की ते नुसतं थरथरतं आणि रक्त ढकलायचं थांबतं. झडप जागेवर बसेपर्यंत हलू नये म्हणून. हौसाबाईंचं हृदय तसं पळवलं. तेवढ्यात चादरीखालून आवाज आला, की कोण मळणी घालतंय का आत? सगळे हसले. मग पडद्यावरचे आकडे बदलले, मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली आणि दहाच्या सुमारास मी हौसाबाईंना बाहेरच्या खोलीत आणलं. घड्याळ लावलं. चार वाजेपर्यंत उताणं.

पहिला तास बरा गेला. गाल गुलाबी, तोंड सुरू. शेजारच्या खाटेवरच्या बाईला काय झालंय ते त्यांनी तिला सांगून टाकलं. मी दत्ताला जेवायला पाठवलं आणि जरा टेकले. सव्वाअकराला खालून वॉचमनचा फोन आला. वेल्ह्याहून एक म्हातारबाबा आलेत, पास नाही, भेटायची वेळ पाचची आहे हे ऐकून घेत नाहीत, काय करू?

दुसऱ्या कोणाचा पाहुणा असता तर मी फोनवरच कान उपटले असते. पण वेल्ह्याहून एसटीनं, या वयात, एकटा माणूस. मी म्हटलं, पाठव वर. झालं ते इथं झालं. पुण्यातल्या एखाद्या सिस्टरनं हे केलं असतं तर मी तिला माफ केलं असतं, तिला काय माहीत? पण मी त्या ओटीवर बसून चहा पिऊन आले होते. मला कळायला हवं होतं, आणि मला कळलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आण्णा दारात उभे राहिले. हौसाबाईंनी बघितलं. टोपी केव्हाच निघालेली, पदर म्हणावा तर अंगावर झगा. त्यांनी एका हातानं चादर डोक्यावर ओढली, गुडघा वाकवला आणि खाटेवरून खाली उतरायला अर्ध्या उठल्या. नवरी होऊन आल्यापासून त्या या माणसासमोर आडव्या पडल्या नव्हत्या, ते आज पडणार होत्या का? मी झेप घेतली तोवर झगा लाल झाला होता.

अशा वेळी एकच करायचं. दोन्ही हात सरळ ठेवून जांघेवर सगळं वजन टाकायचं आणि हलायचं नाही. माझं वजन त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या तरी कामाला आलं. हाताखाली रक्त गरम लागत होतं, मॉनिटरवर ब्लडप्रेशर खाली चाललं होतं, आणि मला खरंच वाटलं की नवी झडप घालून आता मी ही बाई घालवते. मोठ्या डॉक्टरांना निरोप पाठवला. आण्णांना ओरडून सांगितलं, बाहेर व्हा. ते बाहेर गेले, पण दाराला काच होती आणि त्या काचेला नाक लावून ते उभे राहिले. हौसाबाईंना काचेतून आण्णांची टोपी दिसली की त्या परत मान उचलत होत्या. वर आलेल्या वॉचमननं आण्णांना दंडाला धरून न्यायचा प्रयत्न केला. ते जागचे हलले नाहीत. आपल्या येण्यानं धाकटीचं रक्त गेलं, आता ती नीट झालेली बघितल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी वॉचमनला सांगितलं.

मोठे डॉक्टर आले. त्यांना कळेना की पेशंट वारंवार का उठतेय. मी म्हटलं, सर, बाहेर थोरले दीर आहेत. ते म्हणाले, मग? आता या 'मग'चं उत्तर रक्त दाबता दाबता कसं देणार? ते म्हणाले, मग त्यांना घालवा इथून. हे हौसाबाईंनी ऐकलं. ओठ पांढरे पडलेले, पण म्हणाल्या, "त्ये येवढ्या लांबनं आलं, आन् तुमी त्यास्नी हाकलता? मंग मी बी निगते." आणि खरोखर कोपर टेकलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. झोपेचं औषध द्यावं तर प्रेशर आधीच घसरलेलं, ते देता येईना.

मला ते कसं सुचलं मला माहीत नाही. मी दाराकडे तोंड करून ओरडले, आण्णा, आत या, ती खुर्ची घ्या आणि भिंतीकडं तोंड करून बसा. मागं वळून बघायचं नाही. आण्णांनी खुर्ची उचलली, खाटेकडं पाठ केली आणि रंगवलेल्या भिंतीसमोर हातभर अंतरावर ताठ बसले. हौसाबाईंनी चादरीतून एक डोळा काढून त्या पाठीकडं बराच वेळ बघितलं. मला विचारलं, पाठच हाय न्हवं? मी म्हटलं, पाठच आहे. मग त्यांनी डोकं उशीवर टेकलं आणि हळूहळू पाय सरळ केला. डॉक्टरांनी रक्ताची एक बाटली लावायला सांगितली आणि माझ्या जागी दाबायला उभे राहिले. माझे हात भरून आले की ते, त्यांचे भरले की मी, असं अर्धा तास चाललं तेव्हा रक्त थांबलं. ते जाताना मी त्यांना सांगितलं, की यांना आत मीच सोडलं, चूक माझी. ते म्हणाले, सिस्टर, आता सहा तास परत पहिल्यापासून. बारा वाजले होते.

थोड्या वेळानं हौसाबाई म्हणाल्या, सिस्टर, त्यास्नी म्हनावं जेवलासा का? रक्त परत सुटू नये म्हणून माझा हात अजून जांघेवरच होता. मी म्हटलं, आण्णा, जेवलात का? आण्णा भिंतीला म्हणाले, म्हनावं, भाकरी बांधून आनली व्हती, एसटीत खाल्ली. मी म्हटलं, मावशी, एसटीत खाल्ली. ही माणसं एकमेकांपासून तीन हातांवर होती. मग, घराला कडी लावली का म्हनावं. लावली म्हनावं. शेजारीन म्हशीला वैरन टाकंल न्हवं म्हनावं. टाकंल म्हनावं. पाचव्या निरोपाला माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी इथं रक्त दाबून बसलेय, मला म्हैस करू नका, तुम्ही दोघं सरळ बोला.

शेजारच्या खाटेवरची बाई कुशीवर वळून बघायला लागली. आण्णांची पाठ जराशी हलली. मग ते भिंतीला म्हणाले, "धाकटे, ती पान्हा सोडंना. चार दिस झालं. धार काडताना तू तिला काय बोलतीस, तेवडं सांग. म्या तसंच बोलतो."

एवढ्यासाठी हा माणूस वेल्ह्याहून आला होता. म्हशीला शब्द दिला होता, तुझं मी बघतो म्हणून, आणि ते त्याला जमत नव्हतं. हौसाबाई छताकडं बघत बारीक आवाजात म्हणाल्या, की ते सांगण्यासारखं नाही. आण्णा म्हणाले, मला ठाऊक आहे. रोज पहाटे गोठ्याच्या भिंतीपलीकडं तंबाखू मळत मीच बसलेला असतो.

हौसाबाईंनी माझं मनगट गच्च धरलं. विचारलं, समदं ऐकलं? आण्णा एकेक सांगायला लागले. मी घोरतो ते ऐकलं. पिंक कुठंही टाकतो ते ऐकलं. दत्ताच्या लग्नात मानाचा फेटा लहान आला म्हणून रुसून बसलो आणि सगळ्यांना उपाशी ठेवलं, ते तर महिनाभर ऐकलं. हौसाबाईंचे कान लाल झाले होते. मग आण्णा म्हणाले, "आन् माजा धाकला भाऊ गेला त्या साली म्या तुजं भाताचं खाचर लावून दिलं, त्याचं बी ऐकलं. पाच म्हशी झाल्या. दर म्हशीला तू त्ये सांगितलंस. म्या समदं ऐकलं."

उताणं पडलेल्या माणसाचं पाणी डोळ्यांतून सरळ कानात जातं. हौसाबाईंचे दोन्ही हात चादरीत होते, मी माझ्या कोपरानं त्यांचे कान पुसले. माझेही डोळे भरले होते, पण मला पुसायला कोपर उरलं नव्हतं. म्हटलं वाहू दे.

तेवढ्यात आण्णा म्हणाले, पर आमटीत मीठ लई असतं.

हौसाबाईंचा आवाज एकदम वर गेला. पन्नास वर्सं खाल्ली, तवा न्हाई सांगितलं? आण्णा म्हणाले, सांगितलं की, म्हशीला. तिनं तुला सांगितलं न्हाई? यावर हौसाबाईंना असं हसू फुटलं की पोट उडायला लागलं, आणि मी दोन्ही हातांनी जांघ दाबून ओरडत बसले, मावशी, हसायचं नाही, टाका तुटेल. शेजारच्या बाईला हसू आवरेना, तिलाही मी दम दिला. आण्णांचे खांदे हलत होते, पण त्यांनी मागं बघितलं नाही.

दुपारभर ती दोघं बोलत होती. कोणत्या साली कोणती म्हैस, कोणाच्या लग्नात कोण रुसलं, वरच्या अंगाचा बांध कोणी फोडला आणि गप्प कोण बसलं. दत्ता जेवून परत आला, तर आपली आई काकांशी सरळ बोलतेय हे ऐकून हातात फळांची पिशवी धरून दारातच उभा राहिला. त्याला वाटलं मेंदूवर काही परिणाम झाला. मी सांगितलं, झडप चांगली बसली आहे, बाकी तू यात पडू नकोस. संध्याकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले. भिंतीला तोंड करून बसलेल्या म्हाताऱ्याकडं बघून त्यांनी मला हळूच विचारलं, की यांना अजून शिक्षा चालूच आहे का? मी म्हटलं, सर, तुम्ही जांघ बघा. त्यांनी बघितली. जागा कोरडी, पायाची नाडी छान, प्रेशर उत्तम. सहाला उठवा म्हणाले आणि गेले.

सहा वाजले. आण्णांना रात्री कापूरहोळला आपल्या खोलीवर न्यायचं दत्तानं ठरवलं होतं, तो पिशवी घेऊन तयार उभा होता. मी हौसाबाईंच्या खाटेची कळ फिरवायला वाकले आणि म्हटलं, मावशी, सुटलात, आता उठून बसायचं. सकाळी जी बाई जीव गेला तरी आडवी राहणार नाही म्हणत होती, ती जागची हलली नाही. तिनं त्या पाठीकडं बघितलं. उठून बसलं की डोक्यावर पदर येणार होता आणि पाठीच्या जागी थोरले भावजी. मग उद्यापासून परत म्हैस. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानाशी विचारलं, "बाई, आनि वाईच पडून ऱ्हायलं तर चालंल का?"

मी घड्याळात बघितलं. मग भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की डॉक्टर म्हणालेत, अजून दोन तास उठायचं नाही. दत्तानं पिशवी खाली ठेवली. आण्णांनी मागं न बघता बसल्या जागी खुर्चीला दोन्ही हातांनी खालून धरलं, आणि ती सरकवत सरकवत हातभर मागं, खाटेजवळ आणली.